एक्सप्लेनर : मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी मधुमेह कसा सांभाळला? आज शिरपूरमधून तो कसा सांभाळता येतो?

शिरपूर जैन : घरी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, ग्लुकोमीटरवरचा आकडा मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवायचा. आता ही नेहमीची गोष्ट झाली आहे. लोकमान्य टिळकांना मात्र ही सोय कधीच मिळाली नाही.

टिळकांना मधुमेह होता?
हो. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी कॉलेजात असताना जवळपास एक वर्ष व्यायामाला देऊन प्रकृती कमावली होती. पुढे मात्र त्यांना मधुमेहाने गाठले. २२ जुलै १९०८ च्या रात्री, ५२ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातील मंडाले, असा त्यांचा प्रवास झाला.

तिथे उपचार काय होते?
तेव्हा इन्सुलिनचा शोध लागला नव्हता. पथ्य हाच मुख्य उपाय होता. टिळकांनी तांदूळ, गहू कमी करून सातूच्या पिठावर भर दिला. दिनक्रमही ठरलेला ठेवला. याच काळात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले.

घरच्यांना प्रकृती कशी कळायची?
पत्रातून. त्यावरही निर्बंध होते आणि पत्रे अधिकारी वाचत. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हा टिळकांना ते तारेने कळले. ते जाऊ शकले नाहीत. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली.

पुढे काय झाले?
१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचण्यात आले.

आज आपल्याकडे काय आहे?
ग्लुकोमीटर घरोघरी पोहोचले आहेत. त्वचेवर चिकटवायचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज मोबाइलवर दाखवतो. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा मोफत सल्ला घेता येतो. प्रत्येक तपासणीसाठी वाशीम, अकोल्याची फेरी मारावी लागत नाही.

फायदा कधी होतो?
आकडा वेळेसह लिहिला तर. उपाशीपोटीचा की जेवणानंतर दोन तासांचा, हे डॉक्टरांना कळायला हवे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणीही ठरल्या वेळी करून घ्या.

फोनवर भागणार नाही असे काय?
साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटून थरथर सुटली, तर शुद्धीवर असताना लगेच साखर किंवा गूळ खा आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्धी, धाप, सततच्या उलट्या किंवा पायाची न भरणारी जखम असेल तर थेट दवाखाना गाठा. टिळकांचे पथ्य पाहून स्वतःची गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.

टिळकांकडे शिस्त होती, पण आकडा नव्हता. आपल्याकडे आकडा आहे. तो आजच वहीत लिहा आणि डॉक्टरांना पाठवा.