मुसीचा पूर मोजणारा माणूस

हिजरी १३२६ चा रमजान नुकताच लागला होता. इंग्रजी तारीख २८ सप्टेंबर १९०८. हैदराबादेत मुसी नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अफजल पूल वाहून गेला, नदीकाठचे मोहल्लेच्या मोहल्ले पुसले गेले, आणि सुमारे १५,००० माणसे दगावली असे सांगतात. अफजलगंजातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले दीडशेच्या आसपास लोक तेवढे वाचले. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आजही दाखवतात. जुने हैदराबादी या पुराला 'तुगयानी' म्हणतात.

त्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते. शहर पुन्हा उभे करायचे आणि असा पूर पुन्हा येऊ द्यायचा नाही, यासाठी त्यांच्या सरकारने ज्यांना बोलावले, त्यांच्या नोकरीची सुरुवात आपल्या नाशिकला झाली होती. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडील लहानपणीच गेले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकला, १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाला. पुढे खानदेशात, धुळ्याला. तिथे पांझरा नदीवर पाणी पलीकडे नेणारी नळवाट बांधायचे काम आले. पावसाळा तोंडावर होता, नदी वरचेवर फुगत होती. काम पुढे ढकलावे असे तरुण अभियंत्याला वाटले, वरिष्ठांना ते पटले नाही. शेवटी ते काम त्याने पुरे केले. नदी कागदावर वेगळी आणि पुरात वेगळी, हा धडा मात्र तिथेच मिळाला असावा.

पुण्याच्या खडकवासल्याला दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात कालवा अपुरा पडे. विश्वेश्वरय्यांनी तिथे आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसवले. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की दरवाजे स्वतःच उघडतात, उतरले की मिटतात. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता सुमारे ८ फूट जास्त पाणी साठू लागले. हे साल १९०३. शोधाचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेणे त्यांना बरे वाटले नाही.

कालव्याच्या पाण्याचेही त्यांनी असेच गणित मांडले. ज्याच्या शेताशी कालवा, त्याने बारमाही ऊस लावावा आणि पुढच्या गावांनी कोरडे राहावे, हा प्रकार दख्खनच्या कालव्यांवर सर्रास चाले. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले. गटाच्या एका भागातच ऊस, बाकी हंगामी पिके, आणि पाणी मोजून. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. ऊस आणि पाण्याचे हे भांडण सव्वाशे वर्षांनंतरही मिटलेले नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवले. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. वर्षाला जेमतेम दोन-तीन इंच पाऊस, आणि समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ पुन्हा पाणी करून प्यायची पाळी. पण पाऊस एडनला पडत नसला तरी आतल्या डोंगरांत पडतो, याकडे विश्वेश्वरय्यांचे लक्ष गेले. ते पाणी लहेजच्या सुलतानाच्या मुलखातल्या नदीच्या वाळूखाली मुरलेले असते. तिथे विहिरी घेऊन शहराला पाणी आणावे, असा अहवाल त्यांनी दिला. सक्करला सिंधू नदीच्या पात्रात विहीर खणून वाळूतून गाळलेले पाणी शहराला देण्याची युक्ती ते आधीच करून बसले होते.

१९०८ ला ते सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि परदेशी गेले. निजाम सरकारचा निरोप त्यांना तिकडेच मिळाला, आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. तोवर तुगयानीकडे लोक आसमानी आफत म्हणून पाहत होते. विश्वेश्वरय्यांनी पावसाच्या नोंदी मागवल्या, शेजारच्या मुलखांतल्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच, ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, साधारण दर चौरस मैलाला एक. त्यांतले २२१ फुटले. एक फुटला की त्याचे पाणी खालच्याच्या अंगावर. नदीला सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी आले, असा हिशेब निघाला. नुसता पाऊस नव्हे, पावसासकट फुटलेले बांध शहरावर आले होते.

ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधावेत, पूर तिथेच अडवावा आणि तेच पाणी प्यायला वापरावे. नोव्हेंबरात ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. पुढे दिवाणपद, कृष्णराजसागर, १९५५ चे भारतरत्न, हा सारा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. हैदराबादचे काम मात्र इतरांनी पार पाडले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. हैदराबादचे स्वतःचे अभियंता नवाब अली नवाज जंग यांचे नाव यात महाराष्ट्रात कुणी घेत नाही. ते घ्यायला हवे.

पेठ तालुक्याला हे सगळे लांबचे वाटू नये. इथे पावसाळ्यात डोंगर धुऊन निघतात, पाणी उतारावरून गुजरातकडे पळते आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याशी रात्र काढतात. रोजा धरून हंडा वाहणारीही त्यांत असते, उपास धरून वाहणारीही. मोठ्या धरणांवर विश्वेश्वरय्यांचा फार विश्वास होता. पाड्यांच्या मुलखात तेवढ्याने भागत नाही. पण किती पडला, कुठे मुरला, कुठून निसटला, हे त्यांचे प्रश्न डोंगरातल्या झऱ्यालाही लागू पडतात.

१४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी ओलांडल्यावर, विश्वेश्वरय्या बंगळुरूत वारले. उस्मानसागर ज्या गावाशी आहे त्याचे नाव गंडीपेट. 'गंडीपेटचे पाणी' प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे तिथले लोक अजून म्हणतात.