डांबर खाली, दगड वर: ४५ अंशांच्या उन्हात टिकणारा रस्ता बांधणारा राजा नेबुकद्नेझर

मे महिन्यातली दुपार. डांबर टाकलेल्या पार्किंगमध्ये बाईक साइड स्टँडवर लावली की थोड्या वेळाने स्टँड खाली रुतलेला दिसतो. म्हणून जुने जाणते लोक स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवतात.

कारण सोपं आहे. डांबर म्हणजे खूप घट्ट असा द्रवच. ऊन वाढलं की ते मऊ होतं आणि एकाच जागी वजन पडून राहिलं की हळूहळू सरकतं. त्यामुळे चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी डांबराला जास्त छळते. त्यात खालच्या मातीत पाणी मुरलं तर विषयच संपला. म्हणजे गरम प्रदेशात पार्किंग बांधायचं तर वरून ऊन आणि खालून पाणी, असे दोन शत्रू आधीच ओळखून ठेवावे लागतात.

हे दोन्ही शत्रू ज्याच्या शहरात होते आणि ज्याने त्यांचा बंदोबस्त केला, असा एक राजा २६०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचं नाव नेबुकद्नेझर. मराठी बायबलमधला नबुखद्नेस्सर तो हाच. झुलत्या बागांमुळे आपण त्याला शाळेपासून ओळखतो. गंमत म्हणजे त्या बागांचा उल्लेख त्याच्या एकाही लेखात सापडलेला नाही. रस्त्याचा मात्र सापडतो, आणि तोही अगदी तपशिलात.

त्याचा बाप नाबोपोलासर. अ‍ॅसिरियन साम्राज्याविरुद्ध उठाव करून याने बॅबिलोनची गादी मिळवली होती. इ.स.पू. ६०५ मध्ये युवराज असलेल्या नेबुकद्नेझरने कार्केमिशच्या लढाईत इजिप्तच्या फौजेला धूळ चारली. तो मोहिमेवर असतानाच बाप गेल्याची बातमी आली. वारसाहक्काचा घोळ नको म्हणून तो तातडीने परत फिरला आणि बापाच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आसपास गादीवर बसला. पुढची ४३ वर्षं, म्हणजे इ.स.पू. ५६२ मध्ये मरेपर्यंत, तोच राजा होता.

बाहेरच्या जगाला तो आठवतो तो जेरुसलेममुळे. इ.स.पू. ५९७ मध्ये त्याने ते शहर घेतलं आणि तिथला तरुण राजा यहोयाखीन याला बॅबिलोनला नेलं. त्या कैदी राजाला दिल्या जाणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद असलेल्या मातीच्या पाट्या पुढे बॅबिलोनच्या राजवाड्यात सापडल्या. काही वर्षांनी जेरुसलेमने पुन्हा बंड केलं. या वेळी त्याने शहर आणि तिथलं मंदिर, दोन्ही उद्ध्वस्त केलं आणि हजारो लोकांना हद्दपार केलं.

पण स्वतःबद्दल लिहिताना हा माणूस लढायांवर फार बोलत नाही. त्याच्या लेखांमध्ये देवळं, तटबंदी, कालवे आणि रस्ते भरलेले आहेत. त्यातला सगळ्यात मोठ्या लेखांपैकी एक दगडावर कोरलेला आहे आणि त्याला ‘ईस्ट इंडिया हाउस’चा लेख म्हणतात. बगदादमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीला पाठवला, म्हणून हे नाव. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रस्ता उंच कसा केला आणि वर कोणता दगड बसवला, हे राजाने त्यात सांगून ठेवलं आहे.

हा रस्ता म्हणजे बॅबिलोनचा मिरवणुकीचा मार्ग, ऐबुर-शाबू. आपला गुढीपाडवा येतो साधारण त्याच सुमारास बॅबिलोनचं नवं वर्ष सुरू व्हायचं. अकितू नावाच्या त्या उत्सवात मर्दुक देवाची मूर्ती देवळातून बाहेर निघायची आणि याच रस्त्याने इश्तार दरवाज्यातून शहराबाहेर जायची. राजाही बरोबर असायचा. देवाची मूर्ती खड्ड्यात अडकली असती तर ती नुसती फजिती ठरली नसती, सबंध वर्षाचा अपशकुन ठरला असता.

आता अडचण बघा. बॅबिलोन आजच्या बगदादच्या दक्षिणेला, हिल्ला शहराजवळ आहे. तिथे उन्हाळ्यात पारा सहज ४५ अंशांपुढे जातो. शेजारून युफ्रेटिस नदी वाहते, जमीन सगळी गाळाची, आणि थोडं खणलं की पाणी. दगड जवळपास कुठेच नाही. हाताशी काय, तर माती आणि डांबर. डांबर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या हीत गावातून यायचं. तिथे ते जमिनीतून आपोआप वर येतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही या गावाच्या डांबराची नोंद केली आहे.

सोपा मार्ग कोणता होता? डांबर फुकट वर येतंय, ओतायचं आणि मोकळं व्हायचं. नेबुकद्नेझरच्या कारागिरांनी तसं केलं नाही. त्यांनी आधी भराव घालून रस्ता उचलला. त्यावर भट्टीत भाजलेल्या विटा डांबरात बसवल्या. सगळ्यात वर मात्र दगड आला. मधल्या पट्ट्यात चुनखडीच्या साधारण एक मीटर चौरस लाद्या आणि दोन्ही कडांना लाल-पांढऱ्या दगडाच्या लहान लाद्या. लाद्यांच्या सांध्यांत पुन्हा डांबर.

म्हणजे डांबर होतं, पण सावलीत. ऊन घ्यायला फिकट रंगाचा दगड वर, आणि पाणी अडवायला, विटा धरून ठेवायला डांबर खाली. काळा पृष्ठभाग उन्हातली बहुतेक उष्णता पिऊन टाकतो, फिकट दगड बरीचशी परत फेकतो. राजाच्या लेखात हे शास्त्र लिहिलेलं नाही, दगड वापरण्यामागे देवाच्या वाटेची शोभा हेही मोठं कारण असणार. पण परिणाम व्हायचा तो झालाच. अर्थात, मर्दुकाच्या मिरवणुकीचं वजन आणि आजच्या टँकरचं वजन यांची तुलना नको. आज भारतात डांबराची प्रत ठरवताना ६० अंशांवर ते किती घट्ट राहतं हे तपासतात. ३८ ते ४५ अंशांच्या उन्हाळ्याला व्हीजी-३० आणि त्याहून कडक उन्हाला व्हीजी-४० ही प्रत धरतात. पार्किंगचं काम देताना ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

रस्ता एकदा उंच करून भागलं नाही. या रस्त्यावर विटा आणि डांबराचं काम बापानेही केलं होतं. मुलाने त्याची उंची पुन्हा पुन्हा वाढवली. रस्ता वर गेला की दरवाजा बुटका पडायचा, मग दरवाजाही वर घ्यावा लागायचा. शेवटी इश्तार दरवाज्याचा खालचा भाग, त्यावरच्या बैल आणि ड्रॅगनच्या शिल्पांसकट, भरावाखाली गाडला गेला आणि वर निळ्या चकाकत्या विटांचा नवा दरवाजा उभा राहिला. रस्त्यावर थर चढवत गेलं की दुकानांचे उंबरे खाली जातात, हा आपल्या गावातला अनुभव. बॅबिलोनच्या राजाने निदान दरवाजा तरी नव्याने बांधला.

हे सगळं कोणाच्या घामावर उभं राहिलं, तेही सांगायला हवं. एतेमेनान्की या उंच मनोऱ्याच्या कामावर साम्राज्यातल्या कोणकोणत्या मुलखांतले लोक लावले, याची यादी राजाने स्वतःच अभिमानाने दिली आहे. जिंकलेल्या प्रदेशांची खंडणी आणि वेठीची माणसं, यावरच बॅबिलोन सजलं.

त्याच्यानंतर मुलगा दोनच वर्षं टिकला, त्याचा खून झाला. इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या सायरसने बॅबिलोन घेतलं. हळूहळू शहर ओस पडलं आणि लोकांनी विटा उचलून आपली घरं बांधली. त्या विटांवर नेबुकद्नेझरच्या नावाचा शिक्का असायचा.

१८९९ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डवाय याने उत्खनन सुरू केलं आणि ते १९१७ पर्यंत चाललं. त्याला रस्त्याच्या लाद्या जागच्या जागी सापडल्या. लाद्यांच्या कडेवर, म्हणजे बसवल्यावर कोणाला दिसणारच नाही अशा जागी, हा रस्ता मर्दुकाच्या मिरवणुकीसाठी आपण केला, असं राजाने कोरून घेतलं होतं. दरवाज्याच्या निळ्या विटा बर्लिनला गेल्या. गाडलेला खालचा दरवाजा मात्र जागेवरच राहिला.

आणि मग २००३ मध्ये, इराक युद्धात, याच अवशेषांवर लष्करी तळ पडला. आधी अमेरिकन फौज आली, मग पोलंडच्या नेतृत्वाखालची. हेलिकॉप्टर उतरवायला आणि गाड्या उभ्या करायला सपाट, धूळ न उडणारी जागा हवी होती. म्हणून बाहेरून खडी आणून पसरली आणि दाबून घेतली. म्हणजे नेबुकद्नेझरच्या राजधानीवर शब्दशः पार्किंग झालं. ब्रिटिश म्युझियमचे जॉन कर्टिस डिसेंबर २००४ मध्ये पाहणीला गेले, तेव्हा मिरवणुकीच्या रस्त्याची जुनी फरसबंदी जड वाहनांखाली काही ठिकाणी फुटलेली होती. खालच्या थरांत काय आहे हे न बघता वर खडी दाबल्यामुळे न खणलेल्या अवशेषांचंही नुकसान झालं. २००९ मध्ये युनेस्कोने त्याचा सविस्तर अहवाल दिला आणि २०१९ मध्ये बॅबिलोन जागतिक वारसा यादीत आलं.

इश्तार दरवाज्याचा खालचा भाग आजही तिथे उभा आहे. बैल आणि ड्रॅगन दिसतात, फक्त त्यांच्यावर निळी चकाकी नाही. डागडुजी करणाऱ्यांची मोठी डोकेदुखी अजूनही तीच आहे, जमिनीतून वर चढणारं पाणी आणि त्यातलं मीठ.