समुद्रयात्रेकरूंचे सोबती : संत फ्रान्सिस झेवियर



सातारा आणि सांगली ह्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, तेथून पश्चिम समुद्र फारसा दूर नाही. परंतु ती त्याच्याकडे पाठ फिरवून वाई, कऱ्हाड, सांगली करीत थेट पूर्व समुद्राला जाऊन मिळते. त्यामुळे बंदर, गोदी, खलाशी हे शब्द आपल्या धर्मग्रामांतील प्रवचनांत क्वचितच ऐकू येतात. सैन्यात गेलेल्या मुलाची वाट पाहणारे घर आपल्याला चांगले ठाऊक आहे. अपशिंग्यासारखे गाव तर त्यासाठीच ओळखले जाते. अलीकडे मात्र आपल्या भागातील काही तरुण व्यापारी जहाजांवर नोकरीस लागले आहेत आणि महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या मुलासाठी मेणबत्ती लावणारी माताही आता आपल्या मंदिरात दिसू लागली आहे. त्या मातेला डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे चरित्र लिहीत आहोत.

३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो. जुन्या गोव्यातील त्यांचे पवित्र अवशेष, त्यांनी दिलेले हजारो बाप्तिस्मे, जपानचे सुवार्ताकार्य हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या साडेअकरा वर्षांतील बराच मोठा काळ जहाजांवर, बंदरांत आणि जहाजाची वाट पाहण्यात गेला, ह्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज त्याच बाजूने त्यांच्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हार प्रांतातील झेवियर गढीत झाला. तो मुलूखही आपल्यासारखाच डोंगराळ, समुद्रापासून दूर. वडील राजदरबारी मोठ्या अधिकारावर होते. १५१२ साली नव्हारचे राज्य गेले, १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी विजेत्यांनी गढीची तटबंदी पाडून टाकली. घराण्याची गेलेली प्रतिष्ठा विद्येच्या बळावर परत मिळवावी म्हणून १५२५ मध्ये हा मुलगा पॅरिसला गेला. तेथे एकाच खोलीत राहणारे पीटर फेबर आणि वयाने मोठे असलेले इग्नेशियस लोयोला हे त्यांना भेटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली. ही हकिकत सर्वपरिचित असल्यामुळे येथे ती लांबवीत नाही.

पुढची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ह्या मित्रांना यरुशलेमला जायचे होते व त्यासाठी ते १५३७ मध्ये व्हेनिस बंदरात आले. तुर्कांशी युद्धाचे ढग जमल्यामुळे त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. जहाजाची वाट पाहत रिकामे बसण्याऐवजी ते शहरातील असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात राबले. फ्रान्सिस ह्यांनी तेथे रोग्यांच्या जखमा धुतल्या, मृतांना पुरले आणि त्याच व्हेनिसमध्ये २४ जून १५३७ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. जहाज नसेल तेव्हा रुग्णालय, आणि जहाज असेल तेव्हा जहाजच रुग्णालय, हा त्यांच्या जीवनाचा क्रम येथूनच सुरू झाला.

भारतात येण्यासाठी त्यांची निवड मुळात झालीच नव्हती. बोबादिया हे सहकारी आजारी पडले म्हणून ऐनवेळी त्यांचे नाव पुढे आले आणि १५ मार्च १५४० रोजी त्यांनी रोम सोडले. ७ एप्रिल १५४१ ह्या आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी ते लिस्बनहून 'सांतियागो' ह्या जहाजावर चढले. नवे गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा त्याच जहाजावर होते आणि ताफ्यात एकंदर पाच जहाजे होती. पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून सोबत नोकर घ्यावा, असा आग्रह दरबारातून झाला. फ्रान्सिस ह्यांनी तो नाकारला. काही पुस्तके आणि आफ्रिकेच्या टोकाच्या थंडीसाठी एक जाडाभरडा झगा एवढेच त्यांनी घेतले. आपले कपडे ते जहाजावर स्वतःच धूत.

त्या काळची जहाजे म्हणजे काय, ह्याची आज आपल्याला कल्पना येणे कठीण आहे. खालच्या भागात अंधार, कोंदट हवा, सडलेले पाणी, किडलेली बिस्किटे. ताज्या भाज्या व फळे नसल्यामुळे स्कर्व्ही जडे. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. धनिकांना वर हवेशीर जागा मिळे. खलाशी, गरीब शिपाई आणि पोट भरण्यासाठी निघालेली पोरे दाटीवाटीने कुठेही पडून राहत. स्वतः फ्रान्सिस ह्यांना दोन महिने समुद्र लागला होता. पुढे गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाजे सुमारे चाळीस दिवस जागच्या जागी तळपत राहिली. अशा स्थितीत ते रोग्यांना भरवीत, स्वच्छ करीत, त्यांची पापनिवेदने ऐकत. गव्हर्नरांच्या पंक्तीतून येणारे ताट ते आजाऱ्यांत वाटून टाकीत.

पत्ते खेळणाऱ्या खलाशांची आठवण त्यांना ओळखणाऱ्यांनी पुढे सांगितली आहे. धर्मगुरू येताना दिसले की मंडळी डाव आवरू लागत. फ्रान्सिस मात्र त्यांना उठू देत नसत. शेजारी बसून खेळ पाहत, गप्पा मारीत, आणि हळूहळू तो माणूस आपणहून मन मोकळे करी. आजही गोदीत जहाजाची शिडी चढणाऱ्या धर्मगुरूला पहिल्या भेटीत प्रवचन देऊन चालत नाही. आधी माणसाशी बसावे लागते. आमच्या मते ह्या सेवेतील खरे कौशल्य तेवढेच आहे, आणि ते सोपे नाही.

जहाजे मोझांबिकला पोहोचली तेव्हा मोसम उलटला होता. सहा महिने तेथेच मुक्काम पडला. पाचही जहाजांतील रोगी किनाऱ्यावरील लहानशा रुग्णालयात आणण्यात आले. त्यांची सेवा करता करता फ्रान्सिस स्वतः तापाने पडले. वैद्याने त्यांच्या शरीरातून नऊ वेळा रक्त काढले आणि काही दिवस ते भ्रमात होते. थोडे बरे वाटताच ते पुन्हा कामाला लागले. अखेर ६ मे १५४२ रोजी, तब्बल तेरा महिन्यांनी, ते गोव्यास उतरले.

गोव्यात त्यांनी राहण्यास जागा निवडली ती मांडवीकाठचे राजेशाही रुग्णालय. लिस्बनची जहाजे लागली की अर्धमेली माणसे येथेच आणली जात. रात्री फ्रान्सिस सर्वांत अत्यवस्थ रोग्याच्या खाटेशेजारी जमिनीवर निजत, म्हणजे त्याने हाक मारताच उठता यावे. दिवसा तुरुंग, रविवारी शहराबाहेरील कुष्ठरोगी, आणि दुपारी हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणे, असा त्यांचा क्रम होता. पुढे ह्याच रुग्णालयाची व्यवस्था येशूसंघीयांकडे आली. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच दर्यावर्दी १६०८ साली जहाज फुटून, कैद भोगून तेथे दाखल झाला होता. तेथील स्वच्छ बिछाने आणि शुश्रूषा पाहून तो थक्क झाला व मायदेशी परतल्यावर त्याने तसे लिहून ठेवले.

१५४२ च्या अखेरीपासून फ्रान्सिस दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवर लोकांत राहिले. १५४४ च्या जूनमध्ये विजयनगरच्या बाजूच्या फौजेने कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर धाड घातली आणि कोळी बांधव जीव वाचवण्यासाठी समुद्रातील खडकांवर जाऊन बसले. तेथे ना अन्न, ना पाणी. फ्रान्सिस मनापाडहून अन्नपाण्याच्या वीस होड्या घेऊन निघाले. वारा विरुद्ध होता. आठ दिवस वल्ही मारूनही होड्या तेथवर पोहोचल्या नाहीत. तेव्हा ते परत फिरले आणि पायी चालत कन्याकुमारीस गेले. चमत्कारांच्या कथांपेक्षा हा फसलेला प्रवास आम्हांस अधिक हलवून जातो. त्याच वर्षाच्या अखेरीस, व पुन्हा १५४८ मध्ये, गव्हर्नरांची भेट घेण्यासाठी ते आपल्या महाराष्ट्रातील वसईलाही येऊन गेले.

बंदरातील सेवेचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र दूर पूर्वेकडील अंबोन बेटावरचे आहे. फेब्रुवारी १५४६ मध्ये फ्रान्सिस तेथे पोहोचले आणि थोड्याच दिवसांत पोर्तुगीज जहाजांचा ताफा बंदरात आला. त्यावर रुय लोपेझ द व्हियालोबोस ह्यांच्या मोहिमेतील उरलेसुरले स्पॅनिश लोक होते. १५४२ मध्ये मेक्सिकोहून निघून, उपासमार सोसून, शेवटी प्रतिस्पर्धी पोर्तुगीजांना शरण जाण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. ताफ्यात साथीचा ताप पसरला. हे लोक शत्रुपक्षाचे, पराभूत आणि संसर्गजन्य रोगाने ग्रस्त. त्यांच्यासाठी धावणारे कोण? फ्रान्सिस जहाजांवर आणि किनाऱ्यावरील झोपड्यांत फिरत राहिले. व्यापाऱ्यांच्या दारी जाऊन ते औषध, अन्न, आजाऱ्यांसाठी थोडा द्राक्षरस मागत. एका व्यापाऱ्याने पुन्हा पुन्हा देण्यास कुरकुर केल्याची कथा जुन्या चरित्रांत आढळते. व्हियालोबोस ह्यांनी त्या वर्षीच्या पवित्र सप्ताहात फ्रान्सिस ह्यांच्या सान्निध्यात देह ठेवला. त्याच ताफ्यात कोस्मे द तोरेस नावाचे एक धर्मगुरू होते. अंबोनमधील ती भेट त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे गोव्यात ते येशूसंघात आले, फ्रान्सिस ह्यांच्यासमवेत जपानला गेले आणि त्यांच्या मागे १५७० पर्यंत तेथील ख्रिस्तसभा सांभाळली.

संतांचे चरित्र लिहिताना अडचणीचे ते गाळू नये, असे आम्हांस वाटते. त्याच अंबोनहून, मे १५४६ मध्ये, फ्रान्सिस ह्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापण्याची मागणी केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये स्थापन झाले आणि त्याने अनेकांना दुःख दिले. शत्रूच्या खलाशाला मांडीवर घेणारे हात आणि हे पत्र लिहिणारे हात एकाच माणसाचे होते.

गोमंतकीय दर्यावर्दींनी ह्या संताला आपले मानले, ह्यात नवल नाही. मुंबईत धोबीतलाव परिसरातील गोवेकरांचे क्लब, ज्यांना ते 'कूड' म्हणतात, हे गावोगावच्या खलाशांनी जहाज मिळेपर्यंत राहण्यासाठी काढलेले आसरे होत. ओळीने मांडलेल्या पेट्या, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची जपमाळ, असे त्यांचे रूप. जगभराच्या ख्रिस्तसभेत ह्या सेवेला संघटित रूप आले ते १९२० मध्ये, स्कॉटलंडमधील ग्लासगो बंदरात. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२२ मध्ये तिला मान्यता दिली. आज ती 'स्टेला मारिस', म्हणजे सागरतारका, ह्या नावाने चालते. जुलैचा दुसरा रविवार दर्यावर्दींसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळला जातो. २०२० मध्ये महामारीमुळे सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. बंदर समोर दिसते, पण उतरता येत नाही, ही व्यथा फ्रान्सिस ह्यांनी आयुष्याच्या शेवटी स्वतः भोगली.

जपानचा प्रवास त्यांनी एका चिनी चाच्याच्या गलबतातून केला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमास पोहोचले. वाटेत वादळात कप्तानाची मुलगी समुद्रात पडून बुडाली. त्या बापाचा आक्रोश त्यांनी पत्रात नोंदवून ठेवला आहे. पुढे चीनला जाण्याचा ध्यास त्यांनी घेतला. दिओगो पेरेरा ह्या व्यापारी मित्राने 'सांता क्रूझ' हे जहाज सज्ज केले. परंतु १५५२ मध्ये मलाक्का येथे तेथील कप्तान आल्व्हारो द आताइद, म्हणजे वास्को द गामाचा पुत्र, ह्याने जहाजाचे सुकाणूच काढून घेतले. अखेर पेरेरांना मागे ठेवून जहाज सुटले.

सप्टेंबरच्या सुमारास ते सांचियान बेटावर उतरले. समोर चीनचा किनारा होता, पण परक्यास तेथे प्रवेश नव्हता. एका चिनी व्यापाऱ्याने मिऱ्यांच्या मोबदल्यात त्यांना गुपचूप कँटनला सोडण्याचे कबूल केले. तो आलाच नाही. पोर्तुगीज व्यापाऱ्यांची जहाजे एकामागून एक परत गेली. 'सांता क्रूझ' तेवढे उरले. २१ नोव्हेंबरला मिस्सा अर्पण केल्यानंतर फ्रान्सिस ह्यांना ताप भरला. त्यांना जहाजावर नेले, परंतु लाटांचे हेलकावे सोसवेनात म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर आणले. वाऱ्याने हलणाऱ्या गवती झोपडीत, अँटोनियो नावाच्या चिनी तरुणाच्या सोबतीत, ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटेपूर्वी त्यांनी प्राण सोडला. हजारो रोग्यांच्या उशाशी बसलेल्या ह्या धर्मगुरूच्या उशाशी त्या रात्री दुसरा धर्मगुरू नव्हता. अँटोनियोने त्यांच्या हाती मेणबत्ती धरली.

चुना घालून पुरलेला देह फेब्रुवारीत उकरला तेव्हा तो न कुजलेला आढळला. त्याच 'सांता क्रूझ' जहाजाने तो मलाक्कास नेला आणि १६ मार्च १५५४ रोजी गोव्याच्या लोकांनी त्याचे स्वागत केले. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस ह्यांना संतपद देण्यात आले. पवित्र अवशेषांचे अलीकडील दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात झाले. दर्शन आटोपल्यावर यात्रेकरू व्हाइसरॉयच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्यापर्यंत जातात. ते राजेशाही रुग्णालय ह्याच नदीकाठी होते. आज त्याची इमारत उरलेली नाही; दिवाडी बेटाकडे जाणारी फेरीबोट तेवढी धक्क्यावरून सुटत असते.