अण्णा आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली माणसं



आपल्या वर्गात पाड्यांवरून चालत येणारी मुलं होती, आठवतं? पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की त्यांची गैरहजेरी लागायची. धोंडो केशव कर्वे यांचं चरित्र वाचताना मला तीच मुलं दिसत राहिली.

कर्वे मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. जन्म १८ एप्रिल १८५८. शाळकरी वयात एका परीक्षेसाठी ते घाट ओलांडून साताऱ्याला पायी गेले. चण लहान, म्हणून वय कमी असल्याचा शेरा मारून त्यांना परत पाठवलं. त्यांनी परीक्षा पुढे कोल्हापूरला दिली. १८८४ साली पदवी घेतली आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये दिले. पुढे आपली पाच हजारांची विमा पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. सरकारी आधार नाही, समाजाची नाराजी मात्र भरपूर. अशी शाळा एकट्याच्या बळावर चालत नाही.

म्हणून त्यांनी माणसं जोडली, तीही निरनिराळ्या वाटांवरची. संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर आश्रमाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नावामुळे बिचकणाऱ्या पालकांचा विश्वास बसला. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम त्या माळावर गेला. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी हिंगण्याला पायी जात. अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्यांनी आश्रमाची व्यवस्था सांभाळली, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, ते पाच विद्यार्थिनींवर. भांडारकर कुलपती, तर केंब्रिजमध्ये गणितात पहिले आलेले रँग्लर परांजपे कुलगुरू. १९२० साली गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव मिळालं. सगळ्यांचं एकमत नव्हतं. मातृभाषेतून शिक्षण गांधीजींना पटलं, इंग्रजीची सक्ती पटली नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजी ठेवलं. सल्ला सगळ्यांचा, पण जबाबदारी आपली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मतभेद झाला म्हणून त्यांनी माणूस मात्र तोडला नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती त्यांची म्हातारपणची धडपड. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. विद्यापीठ उभारलेला माणूस पुण्यात दारोदार हिंडून वर्गणी गोळा करत होता. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

हे सगळं आज इथे का सांगते? मेळाव्याच्या निमित्ताने शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांचं सल्लागार मंडळ करायची चर्चा आपल्यात सुरू आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, एसटीत नोकरी करणारे आहेत आणि माझ्यासारख्या संगणकापुढे बसणाऱ्याही आहेत. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो चार संगणक पाठवून मोकळं होण्याचा. सुरगाण्यात पावसाळ्यात वीज किती दिवस जाते, हे मी पुण्यात बसून विसरले होते.

अण्णांच्या सोबत्यांनी आधी शाळेला काय हवं ते पाहिलं. कुणी नाव दिलं, कुणी जमीन, कुणी पैसा, कुणी सारं आयुष्य. आपणही आधी मुख्याध्यापकांना आणि बाईंना विचारू या. त्यांनी नको म्हटलं, तर रुसायचं नाही. आणि ओहोळापलीकडच्या मुलांची पावसाळ्यातली हजेरी कशी टिकेल, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला, तर आपल्यापैकी प्रत्येकाकडे त्यासाठी देण्यासारखं काहीतरी नक्की असेल.