वरसईचे विष्णुभट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाल बाजारात धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या की आम्हांस पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण होते. त्याचे कारण ओघात येईलच.

विष्णुभट काही साहसाच्या हौसेने घराबाहेर पडले नव्हते. घर भिक्षुकाचे, माणसे पुष्कळ आणि डोक्यावर कर्ज. अशात बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार असून दक्षिणेची लयलूट होणार, अशी वार्ता कोकणात येऊन पोहोचली. तिशीच्या आसपासचे विष्णुभट आईवडिलांचा व पत्नीचा निरोप घेऊन १८५७ साली काकांसह पायी निघाले. महूपाशी पोहोचतात तोच बंडाची चाहूल लागली. शहाणा माणूस मागे फिरला असता. परंतु रिकाम्या हाताने सावकाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा पुढे जाणे त्यांना सोपे वाटले असावे. ग्वाल्हेरचा मुक्काम आटोपून दोघे झाशीस गेले आणि १८५८ च्या वेढ्यात अडकले.

झाशी पडल्यानंतरचे दिवस त्यांनी जिवाच्या भीतीने लपून काढले. त्या दिवसांचे त्यांचे वर्णन आम्हांस लढाईच्या वर्णनाहूनही मोलाचे वाटते. सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, कपडे आणि अखेर घरांतले धान्यसुद्धा. लूट कोणत्या क्रमाने झाली, हे सेनापतींच्या खलित्यांतून उमगत नाही. कणगीत किती दाणे उरले याची रोज चिंता वाहणाऱ्या गृहस्थाच्याच ते ध्यानात राहते. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचीही हळहळ या विद्यावंत भिक्षुकाने नोंदविली आहे. तरुणपणी आम्ही हे पुस्तक केवळ राणी लक्ष्मीबाईंसाठी वाचले आणि ही पाने भराभर उलटली, हे कबूल केले पाहिजे.

पुढे काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास झाला. मिळविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. ज्या कर्जासाठी एवढी पायपीट केली, त्याच्या दृष्टीने हा प्रवास जवळजवळ फुकटच गेला म्हणायचा. तरीही गंगेची कावड खांद्यावरून उतरू न देता ते वरसईस परतले आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले. कर्ज फेडण्यास गेलेला मुलगा गंगोदक घेऊन आला, त्या दिवशी त्या घरात काय वाटले असेल!

त्यानंतर दीर्घकाळ ते आपल्या भिक्षुकीत व संसारात राहिले. गोऱ्या सरकारच्या राज्यात असल्या आठवणी उघडपणे सांगणे सुरक्षित नव्हते. पाव शतक लोटल्यावर, यजमान घराण्यातील चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी मोडीत हे सारे लिहून काढले. हेच वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झाले, हा योगायोग मोठा विलक्षण! ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला तेव्हा विष्णुभट हयात नव्हते.

वैद्यांनी संपादन करताना मजकुरात बरेच फेरफार केले होते. काळ पाहता त्यांना फार दोष देववत नाही. मूळ बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुखरूप राहिले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते प्रसिद्ध केले. ज्यांनी केवळ जुनी आवृत्ती वाचली असेल, त्यांनी ही दुसरी अवश्य मिळवावी. विष्णुभटांची स्वतःची बोली तिच्यात आहे.