अंगावर एकच सदरा, फीला पैसे नाहीत, 26 व्या वर्षी तुरुंग : आगरकरांनी तरुणपण कसं काढलं?

पुण्यात डेक्कनच्या बाजूला गो. ग. आगरकर रस्ता आहे. आसपासच्या गल्ल्यांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी, मेसच्या डब्यावर दिवस काढणारी, गावाकडून येणाऱ्या पैशांचा हिशेब वहीत लिहून ठेवणारी हजारो पोरं-पोरी राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांना आगरकर म्हटलं की एवढंच आठवतं : समाजसुधारक, केसरीचे पहिले संपादक, टिळकांशी वाद. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न येतो, तेवढं पाठ असतं.

पण या माणसाची वयाची पहिली 26 वर्षं कशी गेली हे पाहिलं तर लक्षात येतं की आज ज्याला आपण प्रेशर म्हणतो, ते त्यांनी जवळपास सगळ्या बाजूंनी सोसलं होतं. पैशाचं, घरच्यांच्या अपेक्षांचं, आणि पुढे कोर्टकचेरीचंही.

तर सुरुवात करूया टेंभूपासून.

शाळा सुटायची, पुन्हा धरायची

सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णेच्या काठावर टेंभू नावाचं गाव आहे. 14 जुलै 1856 ला तिथे गोपाळचा जन्म झाला. घरची परिस्थिती हलाखीची. घरात शिकवण्याइतका पैसा नाही, म्हणून पोराला कराडला आजोळी ठेवलं. तिथे थोडं इंग्रजी शिक्षण झालं आणि पुढची वाट बंद झाली. कराडमध्ये पुढची शाळा नव्हती आणि बाहेरगावी ठेवायला घरात पैसे नव्हते.

अशा वेळी त्या काळातली पोरं जे करायची तेच गोपाळने केलं. कचेरीत कारकुनीला लागला. अनेकांची गोष्ट इथेच संपायची. कारकुनी, लग्न, संसार आणि पेन्शन. घरच्यांच्या दृष्टीनेही त्यात वाईट काही नव्हतं, चार पैसे घरात येत होते.

पण शिकायचं डोक्यातून जाईना. रत्नागिरीला हायस्कूल होतं. गोपाळ तिकडे निघाला आणि पायी गेला. आजच्या रस्त्याने मोजलं तर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, मध्ये सह्याद्री उतरायचा. तिथे पोचल्यावर खायचं काय? तर माधुकरी. म्हणजे घरोघर जाऊन शिजवलेलं अन्न मागायचं आणि त्यावर पोट भरायचं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. माधुकरी मागणं कष्टाचं आणि मान खाली घालायला लावणारं होतं, हे खरं. पण गरीब ब्राह्मण मुलासाठी ती निदान उपलब्ध होती. इतर जातींच्या गरीब मुलांना अशी दारं उघडी नव्हती आणि मुलींसाठी तर घराबाहेर पडून शिकण्याचाच प्रश्न नव्हता. पुढे आगरकरांनी मुलींना मुलांसारखंच आणि मुलांबरोबर शिक्षण द्या, असा आग्रह धरला. शाळेचं दार बंद होणं म्हणजे काय, हे त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाहिलं होतं.

रत्नागिरीतही फार काळ निभलं नाही. गोपाळ कराडला परत आला आणि दवाखान्यात कंपाउंडरचं काम करू लागला. आज ज्याला गॅप म्हणतात तो त्यांच्याकडे एक नव्हता, अनेक होते. शाळा, कारकुनी, पुन्हा शाळा, मग कंपाउंडर.

अकोल्याने हात दिला

पुढचा टप्पा विदर्भातला. नातेवाइकांच्या आधाराने गोपाळ अकोल्याला गेला. तिथल्या हायस्कूलमध्ये विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक होते. पोरगा हुशार आहे, लिहितो चांगलं, पण खिशात दमडी नाही, हे त्यांनी हेरलं. शिकता शिकता गोपाळ वऱ्हाड समाचार या पत्रात लिहायला लागला. 1875 साली मॅट्रिक पास झाला.

आता कॉलेज. त्यासाठी पुणं गाठायचं होतं आणि पुन्हा तोच प्रश्न, पैसे कुठून आणायचे? या वेळी अकोल्याच्या शिक्षकांनी हातभार लावला आणि गोपाळ डेक्कन कॉलेजला पोचला.

आगरकरांची गोष्ट सांगताना बहुतेकदा त्यांची जिद्द सांगितली जाते. ती होतीच. पण प्रत्येक वळणावर कुणीतरी एक माणूस उभा राहिला, हेही तितकंच खरं आहे. आजोळ, अकोल्याचे नातेवाईक, शिक्षक. एकट्या जिद्दीवर हा पोरगा पुण्यात पोचला नसता.

डेक्कन कॉलेज आणि तो एक सदरा

आगरकरांची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी आठवण याच काळातली आहे. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. आजूबाजूला सरदार-जहागीरदारांची, सरकारी अधिकाऱ्यांची मुलं. त्यांच्यात रोज बसायचं आणि आपल्या गरिबीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये याची काळजीही घ्यायची.

खर्च कसा भागवायचा? शिष्यवृत्ती मिळवायची, निबंध स्पर्धेत बक्षीस मिळवायचं, वक्तृत्वात भाग घ्यायचा. इतरांसाठी बक्षीस म्हणजे कौतुक होतं, आगरकरांसाठी तो पुढच्या महिन्याचा खर्च होता. म्हणजे हरून चालणार नव्हतं.

बी.ए.च्या परीक्षेच्या वेळी फीचे पैसेच जमेनात. तेव्हा त्यांनी एक नाटक लिहायला घेतलं. नाटक मंडळीला विकायचं आणि आलेल्या पैशातून फी भरायची, असा बेत. परीक्षा तोंडावर आलेली आणि विद्यार्थी अभ्यास सोडून नाटक लिहितोय, हे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानावर गेलं. गणित आणि खगोलशास्त्रातलं हे मोठं नाव. त्यांनी कारण विचारलं, ते कळल्यावर फीची सोय करून दिली आणि आगरकरांना अभ्यासाला बसवलं. 1878 साली आगरकर बी.ए. झाले.

दरम्यान 1877 मध्ये त्यांचं लग्नही झालं होतं. पत्नीचं नाव यशोदाबाई. म्हणजे एका खांद्यावर परीक्षा आणि दुसऱ्यावर संसार.

आईला लिहिलेलं ते पत्र

आता घरचं गणित बघा. पोरगा बी.ए. झाला, एम.ए. करतोय. त्या काळात एम.ए. झालेला माणूस म्हणजे सरकारी नोकरी, मोठा पगार, गावात मान. आईने इतकी वर्षं कशाच्या आशेवर काढली असतील? आता आपले दिवस पालटणार.

पण 1879 मध्ये डेक्कन कॉलेजात आगरकरांची गाठ टिळकांशी पडली. टिळक कायद्याचा अभ्यास करत होते. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, आगरकर फक्त नऊ दिवसांनी मोठे. कॉलेजच्या टेकडीवर रात्र रात्र बोलणं चालायचं. सरकारी नोकरी करायची नाही, स्वस्त शिक्षण देणारी आपली शाळा काढायची, हे तिथेच ठरलं.

मग आगरकरांनी आईला पत्र लिहिलं. मुलगा मोठ्या परीक्षा देतोय तर आता घरात पैसा येईल, असं मनात आणू नकोस, हे आत्ताच सांगून ठेवतो, असा त्याचा आशय. पोटापुरतं मिळवायचं आणि बाकी सगळा वेळ लोकांच्या कामाला द्यायचा, हे त्यांनी स्पष्ट कळवलं.

हे पत्र नेहमी त्यागाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. पण ते लिहिताना त्या मुलाचं काय झालं असेल? ज्या गरिबीतून सुटण्यासाठी घराने त्याला शिकवलं, त्याच गरिबीत राहायचं त्याने ठरवलं होतं, तेही घरच्यांना बरोबर घेऊन. दोन बाजूंचं देणं होतं आणि दोन्ही फेडता येणार नव्हतं. आगरकरांनी निदान आईला अंधारात ठेवलं नाही.

1 जानेवारी 1880 ला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. एम.ए.ची परीक्षा झाल्यावर आगरकरही तिथे आले. जानेवारी 1881 मध्ये केसरी निघाला आणि संपादक झाले आगरकर. वय 24.

डोंगरीचे 101 दिवस

केसरी सुरू होऊन वर्ष होत नाही तोच कोल्हापूरचं प्रकरण उभं राहिलं. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतोय, अशा बातम्या येत होत्या. दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रं हाती आली आणि त्यांच्या आधारे केसरी आणि मराठामध्ये मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं खोटी ठरली.

खटला चालू असतानाच मार्च 1882 मध्ये चिपळूणकर गेले. शाळा दोन वर्षांची, पेपर वर्षाचा, आधारस्तंभ गेलेला आणि संपादक आरोपीच्या पिंजऱ्यात. जामिनासाठी धावून आले ते जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे.

14 जुलैला आगरकरांना 26 वं वर्ष पूर्ण झालं आणि 17 जुलै 1882 ला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एका लहानशा खोलीत दोघांना ठेवलं. जेवण इतकं वाईट की टिळकांचं वजन 24 पौंडांनी आणि आगरकरांचं 16 पौंडांनी उतरलं.

पण या दिवसांत दोघांनी केलं काय? वाद घातले! देशाचं काय करायचं, स्त्रियांच्या शिक्षणाचं काय, समाज आधी सुधारायचा की राज्य आधी मिळवायचं. रात्री आवाज इतका चढायचा की पहारेकरी येऊन गप्प बसायला सांगायचे. आगरकरांनी याच तुरुंगात शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतर केलं, ते विकारविलसित नावाने पुढच्या वर्षी छापलं गेलं. सुटकेनंतर त्यांनी तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. शिक्षेत सूट मिळून 26 ऑक्टोबरला दोघं बाहेर आले, तेव्हा 101 दिवस झाले होते.

याची किंमत काय होती?

पुढचा इतिहास बऱ्यापैकी माहितीचा आहे. 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी मतभेद वाढले आणि 1887 मध्ये आगरकरांनी केसरी सोडला. 1888 मध्ये सुधारक काढला. बालविवाह, केशवपन, अंधश्रद्धा यांवर ते इतकं रोखठोक लिहायचे की पुण्यात विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. 1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

पण शरीर कधीच साथ देत नव्हतं. दम्याने ते बेजार होते. अर्धपोटी काढलेली वर्षं, तुरुंग, कॉलेज आणि पेपर दोन्हींचं काम. 17 जून 1895 ला ते गेले. 39 वर्षं पूर्ण व्हायला महिनाभरही उरला नव्हता.

त्यामुळे आगरकरांची गोष्ट गरिबी सोसली की माणूस मोठा होतो अशा साध्या हिशेबात बसत नाही. गरिबीने त्यांना मोठं केलं नाही, तिने त्यांची वर्षं खाल्ली. फी आणि जेवणाची चिंता नसती तर हा माणूस कदाचित आणखी पंचवीस वर्षं लिहीत राहिला असता.

त्यांनी सोसलं कसं, याचं उत्तर मात्र त्यांच्या आयुष्यात दिसतं. वाट बंद झाली की ते मिळेल ते काम करायचे, पण शाळेकडे परत यायचे. मदत घ्यायला लाजले नाहीत, अकोल्याच्या शिक्षकांची नाही आणि केरूनानांचीही नाही. आणि घरच्यांना खोटी आशा दाखवली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी केरूनाना छत्र्यांनी नाटक लिहिणाऱ्या पोराला नुसतं रागावून पाठवलं असतं, तर कदाचित महाराष्ट्राला आगरकर मिळालेच नसते. त्यांनी आधी कारण विचारलं.