प्रस्तावनेचा झाला महाग्रंथ : भारतरत्न पां. वा. काणे



सुटीचे दिवस जवळ आले की मस्कतमधल्या आपल्या घरांत दोन विषय हमखास निघतात. एक विमानाची तिकिटे, दुसरा गावच्या घराची वाटणी! ओमानमध्ये कितीही वर्षे काढली तरी सातबाऱ्यावरचे नाव तिकडेच असते. म्हणून या वेळी आम्ही वारसाहक्काच्या कायद्याचे एक थोर अभ्यासक आपल्या भेटीला आणले आहेत.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ झाला. दापोलीत शाळा आणि मुंबईत विल्सन कॉलेज झाल्यावर त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले. त्याच काळात, १९०८ मध्ये, ते एल्एल.बी. झाले. १९११ पासून हायकोर्टात वकिली, १९१२ मध्ये एल्एल.एम. आणि १९१७ ते १९२३ मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी, असा त्यांचा प्रवास झाला.

पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिला. म्हणजे तेही आपल्यासारखेच परमुलखात राहणारे! इंग्रजी अमदानीत मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या वारसाच्या दाव्यांत हा ग्रंथ मोठा आधार मानला जाई. निपुत्रिक भावाच्या वारसांत आजीच्या पाठोपाठ बहिणीला स्थान देणारा हा ग्रंथ.

काण्यांनी त्याची संपादित आवृत्ती १९२६ मध्ये काढली. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहायला घेतला आणि तो वाढतच गेला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पाने! तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायदा कधीच एका जागी थांबलेला नव्हता. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून, तर बंगालच्या दायभागाप्रमाणे वडिलांच्या पश्चात. आधार दोघांनाही जुन्या स्मृतींचाच!

पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलीला मुलाबरोबर वारस ठरवणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये झाला, तेव्हा ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही जन्मतः हक्क मिळाला.

तरीही सुटीत घाईघाईने बहिणीची सही घेतलेली हक्कसोडपत्रे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तिने राजीखुशीने हक्क सोडला तर प्रश्नच नाही, पण आधी तिला विचारायला हवे ना?

हा लेख लिहिता लिहिता आमच्यापैकी दोघांनी आपापल्या बहिणीला फोन लावला. काय बोलणे झाले ते घरातच राहू द्या!